देव कोण नेणार?

फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं दिसतं. वर्षं जातात तसं ते तांबूस, मग काळपट होत जातं. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणून कोकणातल्या जुन्या घरांच्या चौकटी, माजघरातले खांब आणि देव्हारे बऱ्याचदा फणसाचे असतात. झाड परसातलंच. आजोबांनी लावायचं, बापाने फळं खायची, नातवाने तोडून घर बांधायचं, असा त्याचा हिशोब.

मालवणपासून पाच हजारांहून जास्त किलोमीटरवर, इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या डोंगरांत तोराजा लोक राहतात. तेही फणसाचं लाकूड जपून वापरतात, पण त्यातून ते माणूस घडवतात. घरातलं मोठं माणूस गेलं की त्याची लाकडी आकृती कोरायची, तिला खरे कपडे घालायचे आणि कड्यात खोदलेल्या थडग्यासमोरच्या सज्जात उभी करायची. या आकृतीला 'तौ-तौ' म्हणतात. 'तौ' म्हणजे माणूस, 'तौ-तौ' म्हणजे माणसासारखं काहीतरी. लेमो नावाच्या गावात अशा आकृत्यांच्या रांगा कड्यावरून खालच्या भातशेतीकडे बघत असतात. कपडे विरले की वारस वर चढून नवे घालतात.

तिथे माणूस श्वास थांबला म्हणून लगेच मेला असं धरत नाहीत. मोठ्या अंत्यविधीची तयारी होईपर्यंत, म्हणजे कधी काही महिने, कधी काही वर्षं, तो घरातच असतो आणि त्याला आजारी म्हणतात. त्याला जेवण दाखवतात, त्याच्याशी बोलतात. मरण ही तिथे एका क्षणात घडणारी गोष्ट नाही. घरच्यांनी मिळून ती हळूहळू पार पाडायची असते. तौ-तौ त्याच कामातली शेवटची पायरी.

फिलिपिन्सच्या उत्तर लुझोनमध्ये इफुगाव लोकांचे लाकडी 'बुलुल' भाताच्या कोठाराची राखण करतात. सुमात्राजवळच्या नियास बेटावर पूर्वी घरोघरी पूर्वजांच्या लाकडी आकृत्या असायच्या. प्रत्येक ठिकाणी तपशील वेगळा, पण मूळ कल्पना एकच. गेलेला माणूस घरातून उठून जात नाही, त्याची बसायची जागा बदलते.

हे वाचून कुणाला वाटेल की किती दूरचं, किती विचित्र. मला तर ते फार जवळचं वाटतं.

आपले लाकडी वडील

महाराष्ट्रात याच्या सगळ्यात जवळचं उदाहरण मेळघाटात आहे. तिथले कोरकू लोक मृतासाठी सागाचा फळा कोरतात, त्याला 'मुंडा' म्हणतात. त्यावर घोडेस्वार असतो, सूर्य-चंद्र असतात. नातेवाईक जमवून, जेवण घालून तो झाडाखाली आधीच्या मुंड्यांशेजारी रोवला जातो. अनेक घरांच्या देव्हाऱ्यात टाक असतात, म्हणजे चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर ठोकून उठवलेल्या लहान आकृत्या. त्यांत कुलदैवताबरोबर घराण्यातला एखादा वीरही असतो. नाशकात धुळवडीच्या दिवशी लोक आपापल्या घरचे वीर हातात घेऊन नाचत गोदावरीवर नेतात, त्यांना आंघोळ घालतात आणि परत आणतात.

सिंधुदुर्गात पूर्वजांना चेहरा कमी आणि जागा जास्त असते. कुठे परसात, कुठे वाटेच्या कडेला घुमटी असते, आत एक पाषाण. तो मूळपुरुष, म्हणजे ज्याने पहिल्यांदा ही जमीन साफ करून घर घातलं तो. दसऱ्याला देवळातून तरंग निघतात. लाकडी खांबांना रंगीत लुगडी नेसवून ते देव म्हणून मिरवतात, आणि लाकूड हे लाकूडच आहे हे ठाऊक असलेला गाव त्यांच्यापुढे गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाण्यात देवांबरोबर पूर्वजांनाही हाक असते, आणि दर वाक्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. भाद्रपदातल्या वद्य पक्षात म्हाळ घालतात. पानं वाढतात, एक वाडी कावळ्यासाठी बाहेर ठेवतात, आणि कावळा येईपर्यंत घर उपाशी थांबतं.

मुंबईचा चाकरमानी गणपतीला रेल्वे भरभरून गावी येतो. पंधरा दिवसांनी म्हाळ येतो तेव्हा तो ऑफिसात असतो. देवाला सुट्टी मिळते, वडलांना मिळत नाही. तेव्हा म्हाळ कोण घालतं? जे मागे राहिलेत ते.

आमच्या घरचा प्रश्न

मालवण तालुक्यातलं आमचं घर गेल्या वर्षापासून विकायला काढलंय. सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की पानं उलटावी लागतात. हिस्से ठरले, भाव ठरला, आणि गाडी एका ठिकाणी अडकली. माजघरात फणसाचा देव्हारा आहे, त्यात तीन टाक, त्यांतला एक 'वडलांचा'. नाव कुणालाच ठाऊक नाही. घराण्याचा मूळपुरुष, एवढंच. घराच्या मागे घुमटी आहे.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी लिहिलं: "घर विकूक येता, देव विकूक येनत नाय. देव कोण न्हेतलो?"

उत्तरं येत गेली. एका चुलतभावाचं म्हणणं, घर विकूच नये, होमस्टे करावा, आणि देव्हारा तसाच ठेवून त्यावर छान प्रकाश सोडावा. लोकांना असं आवडतं. दुसऱ्याने सांगितलं, जुन्या वस्तू घेणारा एक जण देव्हाऱ्याला चांगले पैसे देतोय, टाक काढून घेऊ. तिसऱ्याच्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये देवघराचा कोनाडा दोन फुटांचा आहे. चौथ्याने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

ज्या आत्याने गेली बावीस वर्षं त्या देव्हाऱ्यापुढे रोज दिवा लावला, ती ग्रुपवर नाही. तिच्याकडे साधा फोन आहे. लग्नानंतर चार वर्षांत ती विधवा होऊन माहेरी परतली. आजी गेल्यावर म्हाळाचा स्वयंपाक तीच करते. पण पूजेला दरवर्षी मुंबईहून पुरुष आणावा लागतो, नाहीतर शेजारच्या भाऊबंदाला बोलवावं लागतं. कारण रीतीप्रमाणे ती दुसऱ्या कुळाची. हे वडील तिचे नाहीत.

२००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. जमिनीत तिचा हिस्सा आहे. देव्हाऱ्यात आहे का, याबद्दल कायदा बोलत नाही. ते रीत ठरवते, आणि रीत तिला पाहुणी म्हणते.

म्हणून 'देव कोण नेणार' हा प्रश्न मला सामान हलवण्याचा वाटेना. त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न आहेत. मेलेल्यांचं आपण खरंच काही देणं लागतो का? आणि लागत असू, तर ते फेडण्याचा अधिकार कुणाचा?

पोहोचतं का?

चार्वाकांनी श्राद्धावर घेतलेली हरकत आजही बिनतोड आहे. इथे वाढलेलं जेवण मेलेल्याला पोहोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरीच त्याच्या नावाने पान वाढा, त्याचं पोट भरेल. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचतो. आपण असतो तेव्हा मरण नसतं, आणि मरण असतं तेव्हा आपण नसतो. मग जो नाहीच त्याचं देणं कसलं?

दुसरीकडे आपल्या परंपरेत तीन ऋणं सांगितली आहेत: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. यातलं पितृऋण मला श्रद्धा नसतानाही पटतं. कारण ते हिशोबाच्या उलट चालतं. ज्याच्याकडून घेतलं त्याला परत देता येत नाही. फणस लावणारा आजोबा आणि खांब कापणारा नातू बहुधा एकमेकांना भेटतही नाहीत. फेड करायची ती पुढच्याला. मेलेल्याची आकृती म्हणजे अशा कर्जाची चिठ्ठी, जे कधीच पुरतं फिटणार नाही.

पण मग पान का वाढायचं? नुसतं आठवलं तर चालणार नाही का?

इथे मला चीनमधल्या शुन्झीचा उपयोग होतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा विचारवंत भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. तरी तो मृतांसाठीच्या विधींची बाजू घेतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: साध्या लोकांना वाटतं की आपण आत्म्यांची सेवा करतोय, शहाण्याला कळतं की हे माणसांचंच काम आहे. दुःखाला आणि ओढीला काही आकार लागतो. तो दिला नाही तर ती एक तर उफाळते, नाहीतर मरून जाते. म्हणून मेलेल्याची सेवा तो जिवंत असल्यासारखी करायची.

सगळं या 'असल्यासारखी' मध्ये आहे. तोराजा बाई तौ-तौचा सदरा बदलते तेव्हा लाकडाला थंडी वाजत नाही हे तिला कळत नसेल असं समजणं हा आपला उर्मटपणा आहे. गाऱ्हाणं घालणाऱ्यालाही तरंग लाकडाचा आहे हे माहीत असतं. आत्यालाही माहीत आहे की टाक जेवत नाही. ती एकदा म्हणाली, "तो जेवता की नाय म्हाका ठाऊक नाय. मी वाढलंय काय नाय, ह्यां म्हाका ठाऊक आसा." चार्वाकाला याहून चांगलं उत्तर मी वाचलेलं नाही. प्रश्न पोहोचतं का हा नाही. आपण वाढणारे आहोत का, हा आहे.

वस्तू की नातं

हे मान्य केलं तर ती आकृती कुणाच्या मालकीची हा प्रश्नच बदलतो.

केनियाच्या किनाऱ्यावर मिजिकेंडा लोक मान्यवर मृतांसाठी कोरीव लाकडी खांब रोवतात. त्यांना 'विगांगो' म्हणतात. एकदा रोवला की तो हलवायचा नाही. गाव दुसरीकडे गेलं तरी तो तिथेच राहतो आणि उन्हापावसात कुजून जातो. हेच अपेक्षित असतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे खांब मोठ्या प्रमाणात चोरीला गेले आणि कलावस्तू म्हणून परदेशात विकले गेले. १९८५ मध्ये एका अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी एका वृद्धाचा त्याच्या घरच्या दोन विगांगोंबरोबर फोटो काढला होता. पुढे ते दोन्ही चोरीला गेले. त्या फोटोमुळेच वर्षांनंतर ते अमेरिकेतल्या दोन संग्रहांत ओळखू आले, आणि २००७ मध्ये त्या कुटुंबाला परत मिळाले. तोराजांच्या कड्यांवरूनही असेच तौ-तौ चोरीला गेले. आता काही ठिकाणी वडलांना गजाआड ठेवावं लागतं.

असा माल घेणाऱ्याचा एक ठरलेला युक्तिवाद असतो: या वस्तू तर सोडून दिलेल्या होत्या. कोकणातल्या बंद घराकडे बघून नेमकं हेच म्हटलं जातं. कुलूप आहे, कुणी येत नाही, कुजून जाण्यापेक्षा कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेल. पण कुजू देणं आणि टाकून देणं यात फरक आहे. कुजू देण्यात नात्याला त्याचा शेवट मिळतो. विकण्यात नात्याला भाव मिळतो. आणि नात्याला भाव लावला की मागे उरतं ते खरंच नुसतं लाकूड.

म्हणजे जुनं सगळं पेटीत बंद करावं असंही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. तिथे संग्रहालय आहे, पण ज्यांच्या हातात दोऱ्या पिढ्यानपिढ्या होत्या त्यांच्याच घरचं. बाहुली काचेमागे आहे आणि तिच्या बहिणी अजून नाचतातही. प्रश्न काचेचा नाहीच. काचेच्या अलीकडे कोण उभं आहे याचा आहे.

कुणाचे वडील

आता जे बोलायला जड जातं ते बोलू.

तौ-तौ सगळ्यांना मिळत नाही. फणसाचं लाकूड आणि डझनावारी रेडे हे उच्चकुलीनांचं मरण. गरिबाला साधं मरण. आमच्याकडचा मूळपुरुषही निष्पाप नाही. 'ज्याने पहिल्यांदा जमीन साफ केली तो' असं आम्ही म्हणतो, पण कुऱ्हाड त्याच्याच हातात होती की त्याच्या गड्यांच्या, हे घुमटीतला पाषाण सांगत नाही. १९४८ च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी होऊ लागल्या. त्यांच्या वाडवडलांनी त्याच मातीत हाडं झिजवली होती, त्यांची घुमटी कुठे आहे? कोकणात मानपानाच्या वादांत देवळांना कुलपं लागतात, जत्रा थांबतात, आणि भांडण वरवर देवाचं असलं तरी असतं ते 'पहिला कोण' याचं. पूर्वजाची आकृती ही आठवण असतेच, शिवाय ती जमिनीवरचा दावाही असते.

आणि बायका? अविधवा नवमीला सवाष्ण मेलेल्या बाईचं पान वाढतात. म्हणजे मेल्यावरही तिची जागा नवरा ठरवतो. आत्या गेल्यावर तिचं पान कोण वाढेल, कुठल्या कुळात, कुठल्या तिथीला? बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वडलांना वाढणारी बाई स्वतः कुणाचीच पूर्वज होणार नाही.

इथे कुणी म्हणेल, एवढं अन्यायाचं असेल तर सोडून द्या सगळं. मलाही अनेकदा तसंच वाटलं. पण सोडून दिल्याने ज्यांना घुमटी नव्हती त्यांना ती मिळत नाही. फक्त ज्यांनी सांभाळलं त्यांचं काम पुसलं जातं. मला उलट दिशा बरोबर वाटते. पितृऋण फेडण्याचा अधिकार रक्तावरून येत नाही, फेडण्यातूनच येतो. शुन्झी म्हणतो तसं हे माणसांचं काम असेल, तर जो ते काम करतो त्याचं ते आहे.

दोन शिवाजी

हे फक्त घरापुरतं नाही हे मालवणात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झालं. किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांच्या काळातलं. मुलाच्या काळात बापाची मूर्ती बसवली गेली, म्हणजे तीही पूर्वजाची आकृतीच. या मूर्तीला आपण चित्रांत बघतो तशी दाढी नाही, आणि डोक्यावर नावाड्यासारखं शिरस्त्राण आहे. राजा इथे दर्यावर्दी लोकांसारखा दिसतो. ज्यांच्यात तो राहतो त्यांच्यासारखा. तीनशेहून जास्त वर्षं समुद्राची खारी हवा खात ती मूर्ती टिकली आहे, कारण दर दिवशी सकाळी कुणीतरी दार उघडतं.

समोरच्या किनाऱ्यावर, राजकोटावर, ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही झाले नव्हते तेव्हा, तो कोसळला. २०२५ मध्ये तिथे आणखी उंच पुतळा उभा राहिला. वारा किती होता, लोखंड गंजलं होतं का, जबाबदार कोण, यावर खूप बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पुतळा बघण्यासाठी उभारतात, मूर्ती सांभाळण्यासाठी. अनावरण एका दिवसात होतं. सांभाळणं कधीच होऊन जात नाही. आपला समाज पहिल्या कामात पटाईत होत चालला आहे आणि दुसरं काम कुठल्या तरी आत्यावर सोडून मोकळा होतो आहे.

शेवट करण्याची रीत

सगळंच कायम सांभाळा असं मी म्हणणार नाही. तुमच्यातले कितीतरी जण पुण्यात खोली घेऊन राहत असाल, किंवा दुबईत, किंवा गोव्यात हॉटेलच्या नोकरीवर. तुमच्या गावच्या घराचं छप्पर गेल्या पावसात बसलं असेल. तीन टाकांसाठी कुणाचं आयुष्य अडवून ठेवणं हेही पितृऋण नव्हे.

पण नातं संपवायचीही रीत असते, आणि ती कोकणाइतकी कुणाला माहीत नसेल. आपण दरवर्षी मातीचा देव घरी आणतो, जेवू घालतो, त्याच्यापुढे रात्रभर भजन करतो आणि पाण्यात सोडतो. खंडित मूर्ती फेकत नाहीत, विसर्जित करतात. जीर्ण झालं की एक तर जीर्णोद्धार, नाहीतर विसर्जन. दोन्हीला हात लागतात, दोन्हीला माणसं जमावी लागतात. ज्याला रीत नाही ते तिसरंच: कुलूप लावून विसरणं, प्रकाशझोत टाकून सजावट करणं, किंवा 'बघू पुढच्या मे महिन्यात' म्हणत राहणं.

म्हणून ग्रुपवर मी माझं मत लिहिलं. देव्हारा विकायचा नाही. घुमटीची जागा विक्रीतून वगळायची, आणि ज्या कुळांनी ती जमीन कसली त्यांच्या घरांनाही तिथे नारळ ठेवायला बोलवायचं. टाक आत्याने न्यायचे, ती जिथे राहील तिथे, आणि यंदाचा म्हाळ तिने स्वतः घालायचा, पुरुष न बोलावता. तिच्यानंतर कुणाला झेपलं तर त्याने पुढे चालवावं. नाही झेपलं तर सगळ्यांनी जमून, एक पान तिच्या नावाचं वाढून, टाक खाडीत सोडावेत.

दोघांनी होकार दिला. काकांनी लिहिलं, असं कधी झालेलं नाही. ते खरं आहे. घर विकण्याची वेळही या घराण्यावर कधी आली नव्हती. व्यवहार अजून अडलेलाच आहे आणि भांडण चालू आहे. पण आता निदान ते हिश्शाचं नाही, वाढण्याचं आहे.

तुमच्याही घरात असा एखादा टाक, नारळ, पाषाण किंवा काळा पडत चाललेला फोटो असेल. त्यात कुणी 'असतं' का, हे ठरवायची घाई नको. आधी एवढं शोधा की त्याच्यापुढे आज दिवा कोण लावतं. आणि त्या माणसाचं पान उद्या कोण वाढणार आहे.